राणीची बाग : प्राण्यांखेरीज

(द्वितीय वर्ष कला)

'अतिपरिचयादवज्ञा' हे वचन शाळेत असताना निबंधाच्या आरंभी आपण सर्वांनीच कधी ना कधी वापरले असेल. त्याचा अर्थ आपण सहसा माणसांपुरता लावतो. शेजाऱ्याचे मोल कळत नाही, घरच्या माणसाचे गुण दिसत नाहीत, असा. परंतु स्थळांच्या बाबतीतही हे तितकेच खरे आहे. किंबहुना स्थळांची अवज्ञासुद्धा होत नाही; ती नुसती दिसेनाशी होतात. माणूस निदान तक्रार तरी करतो.

मुंबईची राणीची बाग हे असेच एक स्थळ. मुंबईहून परत आलेल्या मुलाला आमच्या गावात 'राणीचा बाग पाहिला का?' असा प्रश्न हमखास विचारला जातो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते. हत्ती पाहिला, माकडे पाहिली, आता अलीकडे पेंग्विन पाहिले. बाग पाहिली, असे मात्र कोणी सांगत नाही!

माझे मामा चिंचपोकळीला राहतात. त्यामुळे तळोदे तालुक्यातील एका लहानशा गावात वाढूनही राणीची बाग मला परकी नाही. लहानपणी चारपाच वेळा तरी मी तेथे गेले असेन. गेल्या दिवाळीच्या सुटीत मात्र जाण्याचे कारण वेगळे होते. आमच्या मराठीच्या सरांनी भित्तिपत्रकासाठी 'एक परिचित स्थळ' असा विषय दिला होता आणि त्यासोबत स्वतः काढलेली छायाचित्रे हवी होती. अट अशी की, ते स्थळ सर्वांना ठाऊक असावे पण छायाचित्रातील गोष्ट कोणालाही ठाऊक नसावी. थोरल्या भावाने त्याचा मोबाईल आठ दिवसांसाठी दिला, ही आमच्या घरातील एक मोठीच घटना समजावी. मी चार दिवस बागेत जायचे ठरवले. त्यातला एक बुधवार निघाला आणि बुधवारी बाग बंद असते, म्हणून तीनच दिवस मिळाले. त्या तीन दिवसांत काढलेल्या दोनशे चौदा छायाचित्रांपैकी प्राण्यांची केवळ नऊ आहेत. उरलेल्यांत काय आहे, आणि ते एरवी का दिसत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण त्यातच पहिली चुकामूक दडलेली आहे. आपण राणीच्या बागेला प्राण्यांची बाग समजतो. वस्तुतः ती आरंभी झाडांची बाग होती. पश्चिम भारतातील शेती व उद्यानविद्या यांच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या एका संस्थेची बाग शिवडीला होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली आणि बागेचे बिऱ्हाड भायखळ्याला आले. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी मुंबईच्या गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते नव्या बागेचे उद्घाटन झाले आणि तिला व्हिक्टोरिया राणीचे नाव मिळाले. लोकांनी त्याचे 'राणीचा बाग' केले. आज तिचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. राणी बदलली, पण लोकांचा शब्द तसाच चालला, आणि आता तो अधिक शोभतो असे मला वाटते. प्राणिसंग्रहालय बागेत आले ते १८९० च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी. झाडे घरमालक आहेत आणि प्राणी हे मागाहून आलेले बिऱ्हाडकरू. परंतु बिऱ्हाडकरूंनी असा जम बसवला की, घरमालकाचे नावच कोणाला आठवेना.

हे असे का होते? डोळे तर सर्वांचे सारखेच असतात. मानसशास्त्राच्या सरांना विचारले तेव्हा त्यांनी मला एक प्रसिद्ध प्रयोग सांगितला. अमेरिकेतील डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस या दोन संशोधकांनी तो १९९९ साली प्रसिद्ध केला. काही खेळाडू एकमेकांकडे चेंडू फेकत आहेत असे चित्रण लोकांना दाखवायचे आणि चेंडू किती वेळा फेकला गेला ते मोजायला सांगायचे. मध्येच गोरिलाचा वेश घेतलेली एक व्यक्ती खेळाडूंच्या मधून चालत जाते, थांबते, छाती बडवते आणि निघून जाते. पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना हा गोरिला दिसलाच नाही! त्यांचे लक्ष मोजण्यात गुंतले होते. यावरून दिसते की, आपण डोळ्यांनी जितके पाहतो त्याहून अधिक हेतूने पाहतो. राणीच्या बागेत आपण प्राणी 'मोजायला' जातो. मग शंभर वर्षांचा वृक्ष समोर असला तरी तो गोरिलासारखा समोरून निघून जातो.

याच सुमारास वॉन्डर्सी आणि शुस्लर या दोन अमेरिकन शिक्षकांनी आणखी एक शब्द रूढ केला. त्याला मराठीत 'वनस्पती-अंधत्व' म्हणता येईल. प्राणी आणि झाड एकाच चित्रात असले की माणसाला प्राणी दिसतो आणि झाड ही त्याची पार्श्वभूमी होते. झाड हलत नाही, ओरडत नाही, अंगावर येत नाही. म्हणून आपले मन त्याला हिरव्या पडद्याच्या हिशेबात टाकून मोकळे होते.

याहून साधी परीक्षा हवी असेल तर वीस रुपयांची नवी नोट घ्या. आमच्या वसतिगृहातील सात मैत्रिणींना मी नोट न दाखवता विचारले की, तिच्या मागच्या बाजूला कोणते चित्र आहे? एकीलाच सांगता आले. चित्र वेरूळच्या लेण्यांचे आहे. २०१९ पासून ही नोट आपल्या हातांतून फिरते आहे आणि वेरूळ तर आपल्याच महाराष्ट्रात! नोटेचा उपयोग रंगावर आणि आकड्यावर भागतो. लेणी पाहण्याची गरज कोणाला पडते?

छायाचित्र काढणाऱ्याला मात्र ही सवलत नसते. मन जे गाळून टाकते ते कॅमेरा गाळत नाही. चौकटीत जे येईल ते सगळे तो सारख्याच निष्ठेने घेतो. तुम्ही हत्तीचे चित्र काढले तर मागची कचरापेटी, बाजूची तार, कोणाचा तरी अर्धा हात, सारे त्यात येते. घरी येऊन आपण ते पाहतो आणि म्हणतो, अरेच्चा, हे कुठे होते? ते तेथेच होते. चौकटीत काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे ठरवावे लागते, आणि सोडायचे म्हटले तरी ते आधी पाहावेच लागते.

आता बागेतील गोष्टी. पहिली गोष्ट हत्तीचीच आहे, परंतु जिवंत हत्तीची नव्हे. बागेच्या आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि त्याच्या बाहेर काळसर दगडाचा एक भलामोठा हत्ती उभा आहे. मुले त्याच्यासमोर उभी राहून छायाचित्रे काढून घेतात. लहानपणी मीही काढून घेतले आहे. हा हत्ती म्हणजे साक्षात घारापुरीचा हत्ती. पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून त्या बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले, तोच. बेट समुद्रात राहिले आणि ज्याच्यावरून नाव पडले तो भायखळ्याला आला! १८१४ साली त्याचे डोके आणि मान गळून पडली. पुढे १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. परंतु उचलताना यारीची साखळी तुटली आणि हत्ती कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणून टाकले. तेथे ते पन्नास वर्षे पडून होते. १९१४ मध्ये कॅडेल आणि ह्युएट या दोघांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला.

ही हकीकत मला तेथे गेल्यावर कळली नाही. आधी मला सांधे दिसले. सकाळी बाग उघडताच मी गेले तेव्हा ऊन तिरपे पडत होते आणि हत्तीच्या कुशीवर वेड्यावाकड्या रेघा उठून दिसत होत्या. दुपारी बाराला पुन्हा जाऊन पाहिले तर रेघा बऱ्याच पुसट झालेल्या. छायाचित्रणातील एक मूलभूत नियम मला असा हत्तीने शिकवला. ऊन डोक्यावर असले की वस्तूचा रंग दिसतो पण पोत हरवतो. ऊन बाजूने आले की प्रत्येक उंचवटा आपली सावली टाकतो आणि खडबडीतपणा बोलू लागतो. आपल्याकडे शेतातील नांगरट सकाळी आणि संध्याकाळी जितकी स्पष्ट दिसते तितकी भर दुपारी दिसत नाही, ते याच कारणाने. सांधे दिसले म्हणून मी विचारले, आणि विचारले म्हणून कळले. मामा सोबत होते, त्यांना माझे हे हत्तीच्या पोटाशी वाकणे चमत्कारिक वाटले. "काय देखी ऱ्हायनी व माय? तोंड तं तिकडे शे!" असे ते आपल्या अहिराणीत म्हणाले. मी त्यांना सांधे दाखवले. मग तेही चष्मा पुसून वाकले, आणि आम्ही दोघे मिळून हत्तीचे तुकडे मोजू लागलो. मोजणीत आमचे एकमत झाले नाही.

बागेतील दुसरे आश्चर्य काळ्या घोड्याचे. मुंबईच्या फोर्ट भागातील एका चौकाला 'काळा घोडा' म्हणतात, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचतो. तो घोडा १९६५ पासून तेथे नाही. ब्रिटिशांचे पुतळे रस्त्यांवरून हलवले गेले तेव्हा सातव्या एडवर्डचा हा अश्वारूढ पुतळाही राणीच्या बागेत आला. बोएम नावाच्या शिल्पकाराने तो घडवला आणि अल्बर्ट ससून यांनी १८७९ मध्ये तो मुंबईला दिला होता. चौकात २०१७ साली नवा घोडा बसवला, पण त्याच्यावर स्वार नाही. म्हणजे नाव एका जागी, नवा घोडा त्याच जागी आणि खरा घोडा स्वारासह भायखळ्याला! मी त्याचे छायाचित्र काढत असताना एक कुटुंब शेजारून गेले, लहान मुलाने "हा कोण?" असे विचारले आणि वडील म्हणाले, "असेल कोणी शिवाजी महाराजांचा सरदार." मला हसू आले, पण त्यांचा तरी काय दोष? घोड्यावर बसलेला माणूस म्हटला की आपल्या मनात दुसरे कोण येणार?

जवळच व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा आहे. बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी तो करवून घेतला होता आणि १८७२ मध्ये त्याचे अनावरण झाले. एके काळी त्याच्यासमोर लोक टोप्या काढत असतील. आता राणीच्या नाकाचा तुकडा उडालेला आहे. इतिहासाच्या पुस्तकात साम्राज्याचा अस्त एका परिच्छेदात आटोपतो. ते फुटके नाक पाहताना मला तो परिच्छेद नीट समजला.

संग्रहालयाविषयी लिहू गेले तर स्वतंत्र लेख होईल. परंतु छायाचित्रणाशी त्याचा एक जवळचा धागा आहे, तो सांगते. १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले तेव्हा त्याचे नाव व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालय असे होते. १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. भाऊ दाजी हे वैद्य, प्राच्यविद्येचे पंडित आणि या संग्रहालयाच्या उभारणीतील एक अग्रणी. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईतील अगदी पहिल्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होते. १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रण संस्था निघाली, तिच्या कामात त्यांचा भाग होता. त्या काळी एक चित्र काढायचे म्हणजे काचेवर रसायन लावा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घाला, लगेच अंधाऱ्या खोलीत धुवा, असा खटाटोप असे. माणसाला क्षणोक्षणी विचार करावा लागे की, हे चित्र या खटाटोपाच्या मोलाचे आहे का? आम्ही मोबाईलवर एका मिनिटात वीस चित्रे काढतो आणि एकही पाहत नाही. म्हणून मी स्वतःवर एक बंधन घातले. एका जागी पाच मिनिटे नुसते उभे राहायचे आणि मग तीनच चित्रे काढायची. पहिली दोन मिनिटे फार कंटाळवाणी जातात. तिसऱ्या मिनिटापासून गोष्टी दिसू लागतात.

या तिसऱ्या मिनिटातच मला झाडे दिसली. बागेत तीन हजारांहून अधिक वृक्ष आहेत आणि त्यांच्या जाती अडीचशेहून अधिक आहेत. गोरखचिंच घ्या. आफ्रिकेतील हा वृक्ष समुद्रावरच्या जुन्या व्यापाराबरोबर आपल्याकडे आला असावा. वसईच्या किल्ल्याच्या परिसरात आणि विजापूरलाही तो आढळतो. त्याचा बुंधा खोडासारखा दिसतच नाही, रांजणासारखा दिसतो, आणि तो खरोखरच रांजणाचे काम करतो. दुष्काळी प्रदेशात तग धरण्यासाठी तो खोडात पाणी साठवतो. त्याची फुले रात्री उमलतात, कारण त्यांच्याकडे येणारे पाहुणे म्हणजे वटवाघळे. कैलासपतीच्या झाडाला फुले फांदीच्या टोकाला न येता सरळ बुंध्यातून फुटतात. फुलाच्या मध्यभागी शिवलिंग आणि वर नागाचा फणा असल्याचा भास होतो. नावामुळे हे झाड पुराणकाळापासून आपलेच असेल असे वाटते, पण ते मूळचे दक्षिण अमेरिकेतील. कृष्णवडाचे पान देठाजवळ द्रोणासारखे वळलेले असते. बाळकृष्णाने लोणी लपवण्यासाठी पान वळवले आणि ते तसेच राहिले, अशी कथा सांगतात. आणि उर्वशी! ब्रह्मदेशातून आलेल्या या झाडाला इंग्रजांनी लेडी ॲम्हर्स्ट यांचे नाव दिले, मराठी माणसाने उर्वशीचे. फुलांचे झुंबर पाहायला मिळाले नाही, कारण त्याचा बहर हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून. मला मात्र तिची कोवळी पाने दिसली. ती हिरवी नसतात. तांबूस, मऊ आणि ओल्या कापडासारखी खाली लोंबतात. दुरून झाड सुकले आहे असे वाटते, आणि ते असते नुकतेच पालवलेले.

तेथील एका माळीदादांनी दोन दिवस मला पाहिले आणि तिसऱ्या दिवशी न राहवून विचारले, "ताई, लोक जनावरांचे फोटो काढतात, तुम्ही बुंध्यांचे काय काढता?" मी सांगितले तेव्हा ते खुलले. कोणत्या झाडावर वटवाघळे दिवसा लटकतात, कोणत्या बुंध्याच्या ढोलीत पोपट राहतात, कोणते झाड वादळात पडता पडता राहिले, हे त्यांना पाठ होते. शास्त्रीय नावे पाटीवर होती. चरित्र त्यांच्याजवळ होते.

छायाचित्राच्या दृष्टीने झाड हा फार अवघड विषय आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. संपूर्ण झाड चौकटीत घेतले तर ते कोबीच्या गड्ड्यासारखे दिसते. सावलीतील बुंध्याचे चित्र घेताना मोबाईल आपल्या बुद्धीने ते उजळ करतो आणि सावलीचा सारा गारवा निघून जातो. त्यासाठी पडद्यावर बोट ठेवून उजेड कमी करावा लागतो. वर पाहून काढले तर आकाश पांढरेफटक होते. मला स्वतःला सर्वांत चांगली चित्रे गुडघ्यावर बसून मिळाली. लहान मुलाच्या उंचीवरून बाग अगदी वेगळी असते. मुळांनी उचललेल्या फरश्या, सालीवरची दगडफुलाची राखाडी नक्षी, मुंग्यांची वाट, कोणीतरी खिळा ठोकला होता त्याभोवती झाडाने वाढवलेली कड. हा खिळा मी सर्वांना दाखवते. झाडाने तो अर्धा गिळला आहे.

कोणाला वाटेल की, ही सारी रिकामपणाची कामे आहेत. मला तसे वाटत नाही, त्याचे कारण सांगते. २००७ साली या प्राणिसंग्रहालयाला आंतरराष्ट्रीय स्वरूप देण्याची मोठी खर्चाची योजना पुढे आली. तीत बागेच्या जुन्या झाडांचे आणि मूळ आराखड्याचे काय होणार, ही शंका ज्यांना आली त्या बागेत नियमित जाणाऱ्या काही स्त्रिया होत्या. त्यांनी समिती स्थापन केली, झाडांच्या नोंदी केल्या आणि ही जागा मुळात वनस्पतिउद्यान आहे हे लोकांपुढे व अधिकाऱ्यांपुढे वर्षानुवर्षे मांडले. ती योजना मूळ स्वरूपात झाली नाही. पुढे बदल झाले, २०१६ मध्ये पेंग्विनही आले. पण जुनी झाडे बऱ्याच प्रमाणात उभी आहेत. त्या स्त्रियांजवळ अधिकार नव्हता. झाडे नावानिशी माहीत होती, इतकेच. 'पुष्कळ झाडे जातील' असे म्हणणे आणि 'हे, हे आणि हे झाड जाईल' असे म्हणणे यांत फार अंतर आहे.

कायदाही शेवटी नोंदीवरच उभा असतो. नागरी क्षेत्रांतील झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे. त्यात दर पाच वर्षांनी वृक्षगणना सांगितली आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडाला 'वारसा वृक्ष' मानले, आणि झाड तोडले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावीत अशी तरतूद केली. आता वय कसे ठरवायचे? शास्त्रज्ञ आपल्या पद्धतीने ठरवतील. परंतु एखाद्या जुन्या छायाचित्रात झाड उभे असेल तर तो पुरावा आंधळ्यालाही मान्य करावा लागेल.

असा पुरावा आमच्याजवळ नव्हता. आमच्या घरामागे एक मोह होता. चैत्रात पहाटे आजी टोपली घेऊन त्याच्याखाली जायची. फुले रात्रीतून गळलेली असत आणि गुरे येण्याच्या आत वेचावी लागत. माझ्या पहिलीच्या वह्यांचे पैसे त्या फुलांतून आले, असे आई सांगते. मी अकरावीत असताना रस्ता रुंद झाला आणि मोह गेला. मोहाचे नाव १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यातील यादीत आहे, हे मला पुष्कळ नंतर, येथील ग्रंथालयात कळले. झाड किती जुने होते, असे तेव्हा कोणीतरी विचारले होते. आजी म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा एवढेच होते." हे उत्तर कागदावर कसे लिहायचे ते कोणालाच कळले नाही.

राणीच्या बागेतून परतल्यावर मी घरातील सारी छायाचित्रे काढून पाहिली. आमच्याकडे एकूण एकतीस आहेत. लग्ने, बारसे, काकांचा ट्रॅक्टर, माझा दहावीचा सत्कार. मोहाचे एकही नाही. फक्त आत्याच्या लग्नातील एका चित्रात, वरातीच्या बँडवाल्यांच्या डोक्यावर, डाव्या कोपऱ्यात एक फांदी आली आहे. ती मोहाचीच, पानांवरून ओळखता येते. छायाचित्रकाराने ती मुद्दाम घेतलेली नाही. कॅमेऱ्याने ती गाळली नाही, एवढेच. तो कोपरा मी मोठा करून छापून घेतला आणि आजीला दिला. तिने तो देवघरात ठेवला नाही, भिंतीवरही लावला नाही. कपाटातील लुगड्यांच्या घडीत ठेवला आहे.

तेव्हापासून नंदुरबारातही माझी नजर जरा निराळी फिरते. माणिक चौकातील हुतात्म्यांच्या स्मारकावरून आपण रोज जातो. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तेथे झालेल्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा विद्यार्थी तिरंगा हाती असताना पडला, हे शाळेत सर्वांनी वाचले आहे. शिरीषकुमारचे नाव कोणीही सांगेल. परंतु त्याच्यासोबत आणखी चौघे गेले. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा. आमच्या वर्गात मी ही चार नावे विचारली. चारही सांगणारा एकच निघाला, आणि तोही चौकातच राहणारा. हे स्मारक मी सकाळी साडेसात वाजता पाहिले. दुकाने उघडायची होती, सायकली व हातगाड्या लागायच्या होत्या. त्या अर्ध्या तासात ते स्मारक दिसते. नंतर तो नुसता वर्दळीचा चौक असतो.

आमच्या महाविद्यालयाच्या आवाराची मोजणी मी नुकतीच सुरू केली आहे. आतापर्यंत त्रेचाळीस झाडे झाली. त्यांपैकी कडुनिंब, गुलमोहर, सप्तपर्णी, करंज अशी बहुतेक ओळखता आली. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, हे सांगितले तर आमच्या वर्गात अजूनही कोणाचा विश्वास बसत नाही. सायकल स्टँडजवळच्या रांगेला सगळे 'अशोक' म्हणतात, तो सीतेचा अशोक नव्हे. खरा अशोक निराळा, त्याला केशरी फुलांचे गुच्छ येतात, आणि तो आपल्या आवारात नाही. ग्रंथालयाच्या मागील भिंतीशी, पाण्याच्या टाकीच्या बाजूला एक झाड आहे, त्याचे नाव मात्र मला, शिपाईकाकांना आणि भूगोलाच्या सरांनाही सांगता आलेले नाही. पाने संयुक्त, साल फिकट, शेंगा चपट्या आणि वाऱ्यावर वाजणाऱ्या. शिपाईकाका म्हणतात की, ते नोकरीला लागले तेव्हा ते त्यांच्या खांद्याइतके होते. त्याचे छायाचित्र भित्तिपत्रकाच्या उजव्या कोपऱ्यात लावले आहे आणि खाली जागा कोरी ठेवली आहे. ज्यांना ओळखता येईल त्यांनी तेथे पेन्सिलीने नाव लिहावे.